वजा तीन

“पोरी, कोंडीबाचा गळा आता उतरनार. मानसांत त्याला उगडं पडू दिऊ नगंस. गानारा म्होरं चालतो, पेटी त्याच्या मागनं. येवडं ध्यानात ठेव.”

बाबांनी दवाखान्यातल्या खाटेवर मला हे सांगितलं, त्याला नऊ वर्षं झाली. आणि आज नवी पेठेतल्या एका दुकानाच्या पहिल्या मजल्यावर, थंडगार एसीत मी एक बटन शोधत होते.

दोन कीबोर्ड मांडून ठेवले होते. एक खिडकीजवळ, एक भिंतीला लागून. दोन्ही अरेंजर, म्हणजे डाव्या हाताने सूर धरला की मागे ढोलक, बास, बासऱ्या आपोआप साथीला येतात, त्यातले. दोन्ही भारीतले. आमच्या जुन्याच्या चार पट्ट्या मुक्या झाल्या होत्या आणि एक पट्टी दाबली एकदा तरी दोनदा वाजायची. म्हणून जयंतीच्या आधी भीमगीतांच्या पार्टीला नवा कीबोर्ड घेऊन द्यायचं बुधवार पेठेतल्या आमच्या वस्तीने ठरवलं. वाजवणारी मी, तेव्हा शेवटचा शब्दही माझाच, असं सगळ्यांनी मानानं सांगितलं होतं. त्या मानाचंच मला ओझं झालं होतं.

“आत्या, इकडे ये ना. तिथे काय बघतेस? तो आपण मागेच बाद केलाय,” अंकिता म्हणाली.

अंकिता कोंडीबामामांची नात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पार्टीत आजोबांच्या मागे कोरस धरते. आठवडाभर तिने मोबाइलवर दोन्ही कीबोर्डचे व्हिडिओ पाहिले होते, वहीत दोन रकाने करून आणले होते. खिडकीजवळच्याला शहात्तर पट्ट्या, भिंतीजवळच्याला एकसष्ट. खिडकीजवळच्याचा पडदा मोठा, बोटाने चालणारा. त्याच्यात आपल्याकडच्या हलगीचा आवाज भरून ठेवता येतो. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ताल तुटत नाही. भिंतीजवळच्याच्या रकान्यात तिने एवढंच लिहिलं होतं: हलका, जुनं मॉडेल.

“हलगी भरता येती व्हय?” ढोलकीवाला नवनाथ म्हणाला. “मग आमाला बी भरून टाका की आत. जेवायचा खर्च तरी वाचंल.”

दुकानातला विरेश हसला. “ढोलकीवाल्याला कोण आत भरतंय हो? तुमचा हात मशीनला येत नाही.”

“आसं बोलूनच इकतोस का रं समदं?”

कोंडीबामामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाण्याची बाटली घेऊन बसले होते. पांढरा सदरा, खांद्यावर निळं उपरणं, वय अडुसष्ट. ते माझे सख्खे मामा नव्हेत. बाबा पेटी वाजवायचे आणि ते गायचे, चाळीस वर्षं. मामांची सगळी ओळख एका पट्टीत होती. काळी चार. आपला सूर गाणारा पट्टीच्या नावानं सांगतो. पेटीवरची चौथी काळी पट्टी पुरुषाच्या गळ्याला चढी जाते, तरण्या पोरांनाही ती झेपत नाही. मामा मात्र स्टेजवर उभे राहिले की माइकमध्ये मोठ्यानं म्हणायचे, “जालिंदर, काळी चार दे.” लोक तिथेच टाळ्या वाजवायचे. बाबा गेल्यावर नाव तेवढं बदललं. “बुद्धप्रिया, काळी चार दे.”

आणि मी नऊ वर्षं काळी चार दिली नव्हती.

बाबांच्या माघारी पहिलाच कार्यक्रम वळसंगला होता. अंतऱ्यात वर जाताना मामांचा आवाज चिरकला. ते खोकले, धुरळा लई हाय म्हणाले, लोकांनी मानलं. मी मानलं नाही, कारण बाबांचं बोलणं माझ्या कानात होतं. पुढच्या कार्यक्रमाआधी मी कीबोर्डवरचं सूर उतरवायचं बटन एकदा दाबलं. बोट काळी चारवरच ठेवलं, आवाज एक पट्टी खालचा निघाला. मामा गाऊन खाली आले नि म्हणाले, “आज गळा कसा मोकळा हाय बग.” तीनेक वर्षांनी दुसऱ्यांदा दाबलं. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा. छोट्या काचेवर वजा तीन असा आकडा यायचा, तो झाकायला मी गाण्यांच्या यादीची चिठ्ठी तिथे चिकटवून टाकली. आता माझं बोट काळी चारवर असायचं आणि सूर असायचा तीन पट्ट्या खालच्या पांढरी चारचा. ढोलकी सुराला लावावी लागते, म्हणून नवनाथला हे कळलं होतंच. तो कधी बोलला नाही. मीही बोलले नाही.

मी रोज पहाटे त्रिशरण-पंचशील घेते. ताप असो, पाहुणे असोत, चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगची पहिली पाळी असो, चुकवत नाही. पौर्णिमेला अष्टशील पाळते, त्या दिवशी वाद्याला हात लावत नाही. “आमची मशीन आज उपासाला हाय,” असं नवनाथ कार्यक्रम ठरवायला आलेल्यांना सांगतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आलं की माझी जीभ जराशी जड होते. मग मी मनाशी म्हणते, मामांनी कधी विचारलं नाही, मी कधी खोटं सांगितलं नाही. दिवस पुढे जातो.

म्हणून दोन कीबोर्डमध्ये मी एकच गोष्ट बघत होते. ते बटन कुठे आहे, आणि त्याचा आकडा केवढा दिसतो.

मी विरेशजवळ जाऊन हळू विचारलं, “सूर खालीवर करायचं बटन कुठलं हो?”

“ट्रान्सपोज? हे काय, ताई!” त्याचा आवाज माझ्यासारखा हळू नव्हता. त्याने खिडकीजवळच्या कीबोर्डवर बटन दाबलं, आणि पडद्याच्या वरच्या अंगाला अधिक एक असं उमटलं, एसटीच्या पाटीवर गावाचं नाव असतं तेवढं मोठं. “लांबनं पण दिसतं बघा. स्टेजवर अंधार असला तरी.” त्याने आकडा परत शून्यावर आणला.

मी पटकन मामांकडे पाहिलं. ते बाटलीचं टोपण लावत होते.

“आणि त्या भिंतीजवळच्यावर?”

“त्याच्यात बारीक येतं. कोपऱ्यात. मुंगीएवढं.”

माझा जीव भांड्यात पडला. मी अंकिताला म्हटलं, “मला तो भिंतीजवळचा बरा वाटतो.”

“का?”

“हलका आहे.”

हलका होताच तो. पण सकाळी ज्या तोंडानं शील घेतलं त्याच तोंडानं हे बोलत होते.

“अगं, पण उचलायचाय कुणाला? नवनाथकाका आहेत की! आणि पंधरा पट्ट्या कमी आहेत त्याला. आत्या, खरं कारण सांग ना.”

“आगं, तिच्या हाताला जो बसंल त्यो घ्या,” नवनाथ मध्येच म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, म्हणजे त्याला माझी धडपड कळली होती.

एवढ्यात मामा उठले. “हाताचं राहू द्या. गळ्याला कुटला बसतोय ते गळाच सांगंल की. दुदनीच्या कारेक्रमात येडू म्होरं बसनार हाय. त्याला दावायचं हाय मला.”

येडू दुधनीचे जुने गायक, मामांच्याच वयाचे. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांनी आपला सूर खाली घेतला, आणि मामा भर स्टेजवर म्हणाले होते, “येडूची काळी चार हिरीत पडली वाटतं!” लोक पोट धरून हसले होते. येडूही हसले होते, मान खाली घालून. मी ते पाहिलं होतं. त्यानंतर येडू कुठल्याच स्टेजवर चढले नाहीत.

“वाजव रं,” मामा विरेशला म्हणाले. “काळी चार दे.”

“मी वाजवते की, मामा,” मी पुढे झाले.

“ऱ्हाऊ दे. त्याला त्याची मशीन म्हाईत हाय. तू लांब उबी ऱ्हाऊन ऐक.”

विरेशने खिडकीजवळच्या कीबोर्डवर सूर धरला. खरीखुरी काळी चार. नऊ वर्षांनी ती आमच्या पार्टीत वाजत होती आणि मला ती शिट्टीसारखी टोचली. मामांनी डोळे मिटले, कानाला हात लावला, पहिली ओळ घेतली. खालच्या सुरात निभावलं. ओळ वर चढली तशा त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि शेवटच्या शब्दावर आवाज फाटला. दुकानात गाण्यांची पुस्तकं बघत बसलेल्या एका माणसाने मान वर केली.

मामांनी डोळे उघडले. “ह्याचा सूर चडा हाय.”

“नाही हो काका.”

“चडा हाय म्हनतो नव्हं! पन्नास वरसं गातोय मी. त्यो दुसरा लाव.”

भिंतीजवळचा लावला. तिथे आवाज आणखी आधी फाटला.

“ह्यो बी चडा.” मामांनी उपरण्याने तोंड पुसलं. “नवीन मशिनी समद्या चड्याच करत्यात का काय?”

विरेशने मोबाइलवर सूर मोजून दाखवला. “बघा की, दोन्ही बरोबर काट्यावर आहेत. फरक नाही.”

“नवनाथ, तू सांग. तुजी ढोलकी कुटं असती?”

नवनाथने जमिनीकडे पाहिलं. “मी काय, मामा. ताई म्हनतील तितं.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका नव्हती, आणि तेच मला सहन होईना. मदत मागणारी नजर होती. “बुद्धप्रिया, तू बस. तुज्या हातानं काळी चार दे. मग कळंल ह्याला.”

मी खिडकीजवळच्या कीबोर्डवर बसले. भिंतीजवळच्यावर बसते म्हणाले असते तर? तसं सुचलंच नाही. अंकिता माझ्या डाव्या खांद्याशी, विरेश उजवीकडे, मामा समोर. बटन दाबलं तर पडद्यावर आकडा येणार. नाही दाबलं तर मामा तिसऱ्यांदा फाटणार, नातीसमोर. बाबांचं बोलणं एका कानात होतं आणि सकाळचं शील दुसऱ्या. मला वाटतं, एवढी भीती मला बाबांच्या शेवटच्या दिवशीही वाटली नव्हती.

मी सूर उतरवायचं बटन तीनदा दाबलं. बोट काळी चारवर ठेवलं.

मामा गायले. अख्खं कडवं. वरचा सूर त्यांनी असा उचलला की जिन्यावरून जाणारी दोन माणसं दारात थबकली. नवनाथने काउंटरवर बोटांनी ठेका धरला. कडवं संपलं आणि मामा हसले, “बगितलं? काळी चार आशी आसती. वाजवनाऱ्याच्या हातात आसतं समदं.”

“आत्या,” अंकिताने विचारलं, “हे वजा तीन काय आलंय वर?”

विरेश बिचारा उत्साहानं म्हणाला, “सूर तीन पट्ट्या खाली घेतलाय ताईंनी. गाणाऱ्याला त्रास नको म्हणून. आता ही काळी चार नाहीच, पांढरी चार झाली.”

“बगू,” मामा म्हणाले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी चष्मा काढला, लावला, पडद्याशी वाकले. आकडा वाचायला चष्मा लागत नव्हता. तरी ते बराच वेळ वाकून राहिले.

“आपल्या जुन्यावर किती आसतंय?”

आता त्यांनी विचारलं होतं. नऊ वर्षं ज्या आडोशाला मी उभी होते, तो गेला.

“तीनच, मामा.”

“कवापास्नं?”

“तीनवर आणून दोन वर्षं झाली. त्याच्या आधी दोन. पहिलं एक, वळसंगच्या कार्यक्रमानंतर.”

“जालिंदर गेला त्या साली.”

“हो.”

त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. मग जिना उतरून गेले. अंकिता मागे निघाली, नवनाथने तिचा हात धरला. “ताईला जाऊ दे.”

खाली ऊन भाजत होतं. रस्त्याच्या कडेला रसाच्या गाड्याजवळ लिंबाच्या सावलीत मामा उभे होते. चरकाचं घुंगरू वाजत होतं. मी जवळ जाऊन उभी राहिले. माफी कशी मागायची ते कळेना, कारण कशाची मागायची तेच कळेना.

“तुला जालिंदरनं सांगितलं व्हय?” ते रस्त्याकडेच बघत होते.

“हो. तुम्हाला माणसांत उघडं पडू देऊ नको म्हणाले.”

“मरताना सुदीक त्याला माज्याच गळ्याचं पडलं हुतं.” ते चरकाकडे बघू लागले. “मला का न्हाय बोलला त्यो?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

“न्हाय.” ते एवढंसं हसले, आणि हसू लगेच विझलं. “पेटी फोडली आसती त्याची.”

रसवाल्याने दोन पेले पुढे केले. मामांनी एक हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

“नऊ वरसं मी माइकात काळी चार म्हनतोय. लोकं टाळ्या देत्यात. आन ऐकत्यात पांढरी चार.” त्यांचा आवाज आता अगदी खाली गेला होता. “येडूला मी काय बोललो ते तू ऐकलं हुतंस नव्हं?”

“ऐकलं होतं.”

“तवा आपल्यावर किती हुतं?”

खरं सांगणं एवढं जड असतं हे मला त्या क्षणी कळलं. “दोन, मामा.”

त्यांनी पेला गाड्यावर ठेवून दिला. उपरण्याचं टोक हातात घेऊन पुन्हा पुन्हा चुरगळलं. मला वाटलं, आता गाणं सोडतो म्हणतील. बाबांना मी तोंड कसं दाखवणार, असा वेडा विचारही येऊन गेला.

“दुदनीला किती दिस हायत?”

“सतरा.”

“तितं मी पांढरी चार म्हनूनच सांगनार. माइकात. येडूच्या म्होरं.” मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. “आन बटन न्हाय लावायचं. पांढरी चार म्हंजे पांढरी चार. बोट बी तितंच दिसाय पायजे मला.”

“मामा, माझी बोटं लहानपणापासून काळी चारवर बसलीत. सगळी गाणी नव्यानं बसवावी लागतील.”

“किती हायत?”

“एकेचाळीस.”

“मग बसव की.”

त्यांच्या बोलण्यात राग होता का, मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, “बसवते.”

ते रस न पिताच जिना चढले. वर गेल्यावर अंकिता वही छातीशी धरून उभी होती, डोळे भरलेले. मामांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि विरेशला म्हणाले, “त्यो खिडकीजवळचा बांद.”

“नक्की ना, काका? ताई तर भिंतीजवळचा म्हणत होत्या.”

“ह्योच. आकडा मोठा दिसतोय ह्याचा. मला उबा ऱ्हाऊन वाचता याय पायजे.”

नवनाथने तोंड फिरवलं आणि उगाच केबल गुंडाळायला लागला. विरेश म्हणाला, नवा पेटीबंद कीबोर्ड पुण्याहून आपल्या शहरात यायला आठवडा लागेल. मामा म्हणाले, “येऊ दे.” वस्तीच्या कमानीपाशी रिक्षातून उतरताना मामा नेहमीसारखे “येतो गं” म्हणाले नाहीत. नुसती मान हलवली आणि गेले. त्यांची पाठ एकदम म्हातारी दिसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी अंघोळ केली, मेणबत्ती आणि उदबत्ती लावली, वंदना घेतली. चौथं शील आलं. जीभ अडली नाही, पण हलकंही वाटलं नाही. मामांचे चुरगळणारे हात दिसत राहिले.

पहिल्या पाळीच्या बसला अजून पाऊण तास होता. मी जुना कीबोर्ड पलंगावर ठेवला, आवाज बारीक केला. काचेवरची गाण्यांच्या यादीची चिठ्ठी नखाने सोडवली. चिकटपट्टीचा पिवळा डाग राहिला, त्याखाली आकडा मिणमिणत होता. सूर चढवायचं बटन तीनदा दाबलं. शून्य.

उजवा हात सवयीने काळी चारवर गेला. मी तो उचलला, डावीकडे तीन पट्ट्या मोजल्या आणि पांढरी चारवर ठेवला.

पहिलीच ओळ चुकली. मी पुन्हा पहिल्यापासून धरली.